रेगेन्सबर्ग येथील एक मसुदा

१५११ सालच्या पवित्र शनिवारी व्हेनिसचे तरुण उमराव गास्पारो काँतारिनी यांनी पापनिवेदन केले आणि त्यांच्या जिवाची तगमग शमली. कितीही तप केले तरी आपल्या पापांची भरपाई आपल्याच्याने होणे नाही. ती ख्रिस्ताच्या दुःखसहनाने झालेली आहे, असे त्यांनी मठवासी मित्राला कळविले. मार्टिन ल्यूथर यांचे प्रबंध त्यानंतर सहा वर्षांनी आले.

१५४१ मध्ये हेच काँतारिनी, आता कार्डिनल, पोपचे प्रतिनिधी म्हणून रेगेन्सबर्गच्या धर्मचर्चेस गेले. ल्यूथर यांचे म्हणणे असे, की देव पाप्याला केवळ कृपेने, श्रद्धेद्वारे नीतिमान ठरवितो. जीवनाचे पवित्रीकरण हे त्या क्षमेचे फळ, तिची किंमत नव्हे. कॅथॉलिक ईशज्ञान म्हणे, कृपा माणसाला आतून नीतिमान घडवितेही. मेच्या आरंभी उभयपक्षी मसुदा ठरला: भरवसा ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर, परंतु तारक श्रद्धा तीच, जी प्रीतीने कार्य करते. ल्यूथर यांचे कट्टर विरोधक योहान एक् यांनीही, नाखुशीने का होईना, संमती दिली. मला तो मसुदा दुबळा वाटत नाही.

पुढे ख्रिस्तशरीर संस्कार आणि ख्रिस्तसभेचा अधिकार यांवर चर्चा फिसकटली. ल्यूथर यांना मसुदा ठिगळे जोडल्यासारखा वाटला. रोमलाही तो रुचला नाही. १५४२ मध्ये काँतारिनी निवर्तले. १५४७ मध्ये ट्रेंट परिषदेने कॅथॉलिक शिकवण निश्चित केली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथॉलिक व ल्यूथरन प्रतिनिधींनी याच विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

काँतारिनींची ती पत्रे चारशे वर्षे मठाच्या दप्तरात पडून होती. कॅथॉलिक इतिहासकार हुबर्ट येडिन यांनी ती १९५३ मध्ये प्रसिद्ध केली.