पहिला धक्का कोणी द्यायचा?

मंडळी, आपल्या बीड जिल्ह्यात परळी वैजनाथला १९७१ साली औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. अशा वीजकेंद्राची एक गंमत असते. ते सुरू करायलाच आधी वीज लागते! कोळसा दळणाऱ्या चक्क्या, बॉयलरला पाणी पुरवणारे पंप, हवा देणारे पंखे, सारे विजेवरच चालते. तेव्हा पहिली वीज बाहेरून आणावी लागते.

संगणकाचेही तसेच आहे. संगणकाला काम सांगतो तो प्रोग्राम. पण तो प्रोग्राम चकतीवरून उचलून आत आणायचा, तर त्यालाही प्रोग्रामच लागतो. मग पहिला आणायचा कोणी? ज्या शिक्षकांच्या शाळेत बंद संगणक धूळ खात पडले आहेत, त्यांना या प्रश्नाचा इतिहास फार उपयोगी आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा देशात घडवलेला संगणक कामाला लागला. त्याची स्मृती अवघी २,०४८ शब्दांची. प्रोग्राम कागदी फितीवरच्या छिद्रांतून आत जाई. त्या पिढीच्या कित्येक यंत्रांत पहिल्या थोड्या सूचना माणूस बटणे खालीवर करून हाताने भरी. त्या सूचना फीत वाचीत आणि फितीवरचा छोटा प्रोग्राम पुढचा मोठा प्रोग्राम ओढून आणी. स्वतःच्या बुटांचे बंद धरून स्वतःलाच उचलावे, तसा हा प्रकार. त्यावरूनच 'बूट करणे' हा शब्द रूढ झाला.

परळीचा संच सुरू झाला त्याच १९७१ साली आय.बी.एम. कंपनीने आठ इंची फ्लॉपी बाहेर काढली. ती कशासाठी, ठाऊक आहे? मोठ्या संगणकाला चालू होताना लागणाऱ्या सूचना पुरवण्यासाठी! म्हणजे काढघाल करता येणाऱ्या या चकतीचा जन्मच यंत्र जागे करण्याच्या कामी झाला.

पुढे १९८१ मध्ये त्याच कंपनीचा घरगुती संगणक आला. त्यात एक कायमची चिप होती. ती फ्लॉपीवरचे पहिले ५१२ बाइट वाची आणि त्यात जे सांगितले असेल ते निमूटपणे करी. चुकीची फ्लॉपी आत राहिली, की यंत्र तिथेच अडून बसे. १९८६ मध्ये लाहोरला तयार झालेला 'ब्रेन' हा व्हायरस नेमका याच पहिल्या जागेत दबा धरून बसे. १९९५ मध्ये सी.डी.वरून सुरू होण्याची पद्धत ठरली, मग पेनड्राइव्ह आले. पुढे बायोसच्या जागी यू.ई.एफ.आय. ही नवी पद्धत आली. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'सिक्युअर बूट' ही राखणही सर्रास दिसू लागली. ओळखीची सही नसेल, तर दारातूनच परत!

आता तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला? तर पेनड्राइव्हवरून संगणक सुरू होत नाही, तेव्हा बहुधा या इतिहासातलीच एखादी गाठ आडवी येत असते.

पहिल्याने तो पेनड्राइव्ह दुसऱ्या, चालू संगणकावर लावून पाहा. तिथेही सुरू झाला नाही, तर दोष बहुतेक पेनड्राइव्हचा. नुसती फाइल उतरवून भागत नाही. ती प्रतिमा त्यासाठीच्या प्रोग्रामने लिहावी लागते. तसे करताना आधीचे सारे पुसले जाते, हे विसरू नका. तिथे सुरू झाला, तर आपल्या यंत्रात क्रम पाहा: आधी पेनड्राइव्ह, मग आतली चकती. लावलेला क्रम दिवे गेल्यावर दरवेळी विसरला जातो काय? मग आतला नाण्याएवढा सेल संपला असेल, तो बदलावा. त्यानंतर पद्धत जुळते का, ते पाहा. जुन्या बायोससाठी केलेला पेनड्राइव्ह नव्या पद्धतीला उमगत नाही. शेवटी सिक्युअर बूट तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाही तर गुण कशाने आला ते कळायचे नाही. विज्ञानाच्या तासाला मुलांना दाखवण्याजोगा हा पाठ आहे.

विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. पुढची आवृत्ती न पेलणारे संगणक आता भंगारात निघतील. पण लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या पुष्कळ जुन्या यंत्रांवर चालतात. आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये काढलेल्या 'बॉस' या प्रणालीत तर मराठीचीही सोय केली आहे. अशा प्रणाल्या पेनड्राइव्हवरून नुसत्या चालवून पाहता येतात. 'इन्स्टॉल' म्हणेपर्यंत आतल्या चकतीला धक्का लागत नाही. तिच्यावर मुलांचे निकाल, दाखले असतील. ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या. यंत्राचा निकाल त्यानंतर लावा.