चितपटीपासून मूत्रनमुन्यापर्यंत : महाराष्ट्रातील कुस्ती, प्रेक्षक आणि उत्तेजक द्रव्यांचा वाद

खेळाचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या यादीच्या रूपाने लिहिला जातो. परंतु कोणताही खेळ केवळ खेळाडूंच्या बळावर टिकत नाही; सामना संपल्यावर त्याच्या निकालाची चिकित्सा करणारा प्रेक्षकही त्या खेळाचा घटक असतो. महाराष्ट्राच्या कुस्तीतील हा प्रेक्षक जाणता आहे आणि हट्टीही आहे. कुस्तीचा निकाल ठरविण्याचा अधिकार त्याच्या हातून टप्प्याटप्प्याने कसा निसटला आणि उत्तेजक द्रव्यांच्या प्रश्नाने या प्रक्रियेला कोणते वळण दिले, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

जळगावलगतचे असोदा हे गाव मराठी वाचकास बहिणाबाई चौधरी यांचे माहेर म्हणून परिचित आहे. खानदेशातील अशा शेतीप्रधान गावांमध्ये यात्रा आणि कुस्त्यांची आम दंगल यांचा संबंध जुना आहे. लहान मुलांच्या रेवड्या-नारळावरच्या कुस्त्यांनी दंगल सुरू व्हावी, वर्गणीतून जमलेल्या इनामाच्या कुस्त्यांनी ती चढत जावी आणि दिवस मावळताना शेवटची मोठी कुस्ती लागावी, असा तिचा क्रम. जोड पंच मंडळी लावीत. पण निकाल सर्वांच्या डोळ्यांदेखत लागे. पाठ मातीला टेकली की कुस्ती चितपट; न टेकली तर ती बरोबरीत सोडवावी लागे. गुण, गुणफलक, वेळेचे काटेकोर गणित यांपैकी काहीच नव्हते. बरोबरीच्या कुस्तीवर पुढे वर्षभर पारावर वाद चाले. मात्र चितपटीवर सहसा वाद नसे, कारण ती पाहणारे डोळे शेकडो असत.

या परंपरेला संस्थात्मक रूप विसाव्या शतकात प्राप्त झाले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात उभे राहिलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये खुले झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कराडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. मातीत घडलेल्या मल्लाने ते गादीवर मिळविले, ही बाब सामान्यतः दुर्लक्षित राहते. १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना झाली आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब सुरू झाला. दिनकर दह्यारी हे त्याचे पहिले मानकरी. माती आणि गादी या दोन्ही विभागांच्या विजेत्यांनी अंतिम लढतीत समोरासमोर यावे, ही या स्पर्धेची रचना म्हणजे दोन निकालपद्धतींमधील तडजोडच म्हणावी लागेल.

गुणांची पद्धत आली आणि पंचांचे महत्त्व वाढले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्यात झालेल्या लढतीत ‘बाहेरची टांग’ या डावाला दिलेल्या चार गुणांवरून राज्यभर वाद माजला. डाव पूर्ण बसला होता काय, प्रतिस्पर्ध्याची पाठ धोक्याच्या अवस्थेत गेली होती काय, याची चर्चा चित्रफीत थांबवून, मागे नेऊन होऊ लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे शिवराज राक्षे यांनी चितपटीचाच निर्णय अमान्य केला. तेथे पंचांवर लाथ उगारण्यापर्यंत मजल गेली, आणि राक्षे व गायकवाड या दोघांवरही तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. या प्रसंगी प्रेक्षकांतील अनेकांनी मल्लाची बाजू घेतली. तिचे समर्थन करता येणार नाही. परंतु निकाल आपल्या डोळ्यांनी पडताळण्याचा जुना हक्क प्रेक्षकाने अद्याप सोडलेला नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

उत्तेजक द्रव्यांच्या बाबतीत मात्र हा हक्क निरुपयोगी ठरतो. येथे पुरावा आखाड्यात नसतो. तो प्रयोगशाळेतील कुपीत असतो. मिथँडिनोन हे स्नायूवर्धक स्टेरॉइड १९५८ च्या सुमारास अमेरिकेत ‘डायनाबॉल’ या नावाने बाजारात आले आणि वजन उचलणाऱ्या खेळाडूंमध्ये झपाट्याने पसरले. ऑलिम्पिकमध्ये उत्तेजकांची चाचणी १९६८ पासून होऊ लागली असली, तरी स्टेरॉइडची चाचणी प्रथम १९७६ मध्ये मॉंट्रियल येथे झाली. १९८८ मध्ये सोल येथे बेन जॉन्सन यांचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले, तेव्हा हा शब्द भारतीय वृत्तपत्रांच्या वाचकांपर्यंत पोहोचला. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था (वाडा) १९९९ मध्ये स्थापन झाली. भारताची राष्ट्रीय संस्था (नाडा) त्यानंतरची.

महाराष्ट्राच्या कुस्तीला या प्रश्नाची खरी झळ २०१६ मध्ये बसली. नरसिंग यादव हे २०११, २०१२ आणि २०१३ असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले पहिले मल्ल. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले होते, तर २०१५ च्या जागतिक स्पर्धेतील ७४ किलो गटाच्या कांस्यपदकाने रिओ ऑलिम्पिकसाठी भारताला जागा मिळवून दिली होती. त्या जागेसाठी निवडचाचणी घ्यावी, ही सुशील कुमार यांची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०१६ मध्ये फेटाळली. त्याच महिन्याच्या अखेरीस घेतलेल्या यादव यांच्या नमुन्यात मिथँडिनोन आढळले. सोनीपतच्या शिबिरात आपल्या पेयात कोणीतरी ते मिसळले, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या मल्लाच्या नमुन्यातही तेच द्रव्य सापडल्याने हा दावा अनेकांना पटला. १ ऑगस्ट रोजी नाडाने त्यांना निर्दोष ठरविले. वाडाने त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि १८ ऑगस्ट रोजी, म्हणजे लढतीच्या आदल्या दिवशी, लवादाने चार वर्षांची बंदी घातली. घातपाताला पुरेसा आधार नाही. द्रव्य एकाहून अधिक वेळा, गोळीच्या स्वरूपात घेतले गेले असण्याची शक्यता अधिक आहे, असे लवादाचे मत पडले.

येथे दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. चाहत्यांचा युक्तिवाद हेतूवर उभा होता : ऑलिम्पिक तोंडावर आले असता, चाचणी होणार हे ठाऊक असता, कोणता शहाणा मल्ल असे करील? लवादाचा युक्तिवाद द्रव्याच्या प्रमाणावर उभा होता. उत्तेजकविरोधी संहितेनुसार नमुन्यात द्रव्य सापडले की दोष प्रथमदर्शनी सिद्ध होतो आणि ते शरीरात कसे आले हे दाखविण्याचा भार खेळाडूवर पडतो. गुन्हेगारी न्यायाची सवय असलेल्या समाजाला ही उलटी जबाबदारी अन्यायाची वाटणे स्वाभाविक आहे; परंतु तिच्याविना प्रत्येक प्रकरण घातपाताच्या कहाणीवर सुटेल, हेही नाकारता येत नाही. प्रयोगशाळेच्या आकड्यापुढे हेतूचा तर्क दुबळा पडला, हे येथे मान्य करावे लागते.

त्याच वर्षी, डिसेंबर २०१६ मध्ये, पुण्यात विजय चौधरी यांनी सलग तिसऱ्यांदा महाराष्ट्र केसरी पटकावून यादव यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. ते चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीचे. खानदेशाच्या दृष्टीने हा अभूतपूर्व सन्मान होता. किताबापाठोपाठ पोलीस उपअधीक्षकाचे पदही त्यांना लाभले, जसे ते यादव यांना लाभले होते. शेतकरी किंवा दूधव्यावसायिक घरातून येणाऱ्या मुलासाठी चांदीच्या गदेचा अर्थ हा असा आहे. दूध, तूप, बदाम यांचा वर्षानुवर्षांचा खुराक घरच्यांनी ज्या आशेने पोसलेला असतो, ती आशा एका नमुन्याने संपू शकते. मल्लावरील आरोप गावाला स्वतःवरचा आरोप वाटतो, त्यामागे हे अर्थकारण आहे.

अमेरिकेतील बेसबॉलचा इतिहास तुलनेसाठी उपयुक्त ठरतो. १९९४ च्या संपानंतर दुरावलेला प्रेक्षक १९९८ च्या हंगामात मार्क मॅग्वायर यांच्या ७० ‘होम रन’नी परत मैदानावर आणला; २०१० मध्ये मॅग्वायर यांनी स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. डिसेंबर २००७ च्या मिचेल अहवालात ८९ खेळाडूंची नावे होती. बॅरी बाँड्स यांचा ७६२ ‘होम रन’चा विक्रम पुस्तकात आहे, पण २०२२ पर्यंतच्या दहाही मतदानांत क्रीडालेखकांनी त्यांना मानाच्या दालनात प्रवेश दिला नाही. तेथे नियम ढिले असताना घडलेल्या गोष्टींचा निवाडा मागाहून मतदारांनी केला. येथे नियम कडक असताना लवादाने तो एका दिवसात केला.

२०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने नाडाला वैधानिक दर्जा मिळाला. गावोगावच्या आम दंगलींत मात्र नमुना घेण्याची पद्धत नाही. तेथे इनाम रोख मिळते आणि निकाल अजूनही डोळ्यांवर चालतो. यादव यांची बंदी २०२० मध्ये संपली. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. महाराष्ट्र केसरीच्या यादीत २०११, २०१२ आणि २०१३ या वर्षांपुढे त्यांचे नाव आहे. त्याखालच्या तीन वर्षांपुढे विजय चौधरी यांचे.