आश्रयाचा हक्क आणि अनियमित स्थलांतर : जर्मनीचा ऐतिहासिक अनुभव (१९४९ ते १९९६)

प्रस्तावना :
परवानगीवाचून सीमा ओलांडणारे स्थलांतरित आणि छळापासून संरक्षण मागणारे आश्रयार्थी असे दोन वर्ग शासकीय परिभाषेत वेगळे मानले जातात. प्रत्यक्षात एकच व्यक्ती अनेकदा दोन्ही वर्गांत मोडते. आश्रयाचा अर्ज सामान्यतः त्या देशाच्या भूमीवर पोहोचल्यावरच करता येतो. मात्र अर्ज करण्यासाठी तेथे येण्याचा व्हिसा सहसा मिळत नाही. २८ जुलै १९५१ रोजी स्वीकारण्यात आलेल्या जिनेव्हा येथील निर्वासितविषयक कराराने ही अडचण ओळखली होती. थेट संकटातून आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन सबळ कारण देणाऱ्या निर्वासितास बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, असे त्याचे ३१ वे कलम सांगते. प्रस्तुत लेखात या दोन वर्गांतील परस्परसंबंध जर्मनीच्या उदाहरणावरून तपासला आहे.

घटनादत्त हक्क आणि बंद झालेले मार्ग :
नाझी राजवटीत देश सोडावा लागलेल्या अनेकांना इतर राष्ट्रांची दारे बंद आढळली होती. ही स्मृती ताजी असतानाच २३ मे १९४९ रोजी पश्चिम जर्मनीचा मूलभूत कायदा जाहीर झाला. राजकीय छळ सोसणाऱ्यांना आश्रयाचा हक्क राहील, अशी निःसंदिग्ध तरतूद त्याच्या १६ व्या कलमात होती. आश्रय ही शासनाची कृपा न राहता मागणाऱ्याचा हक्क झाली.

आरंभी अर्जदार थोडे होते व ते मुख्यतः पूर्व युरोपातील साम्यवादी देशांतून येत. तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया आदी देशांतील कामगारांसाठी भरतीचा स्वतंत्र मार्ग खुला होता. नोव्हेंबर १९७३ मध्ये ही भरती थांबवण्यात आली. कुटुंबीयांचे एकत्रीकरण वगळता कायदेशीर प्रवेशाचे मार्ग आक्रसले आणि छळाने पळालेले व उपजीविकेसाठी निघालेले असे दोघेही आश्रयाच्या एकाच दाराशी येऊ लागले. १९८० साली अर्जांची संख्या १ लाखाच्या वर गेली. त्याच वर्षी तुर्कस्तान, अफगाणिस्तान, श्रीलंका इत्यादी देशांच्या नागरिकांवर व्हिसाची सक्ती आली. ही सक्ती छळग्रस्त आणि रोजगारार्थी यांत भेद करीत नव्हती.

पूर्व बर्लिनचा मार्ग :
मार्ग बंद झाला म्हणजे स्थलांतर थांबतेच असे नाही, हे बर्लिनमध्ये दिसून आले. श्रीलंकेतील तमिळ, इराणी व इतर प्रवासी विमानाने पूर्व बर्लिनजवळच्या शोनेफेल्ड विमानतळावर उतरत आणि तेथून पश्चिम बर्लिनमध्ये जात. शहराची फाळणी करणारी रेषा ही आंतरराष्ट्रीय सीमा आहे, हे पश्चिमेकडील राष्ट्रांना मान्य नव्हते. त्यामुळे तेथे सीमातपासणी करणे त्यांना तत्त्वतः अडचणीचे होते. अखेर वाटाघाटींनंतर पूर्व जर्मनीने १ ऑक्टोबर १९८६ पासून पुढील देशाचा व्हिसा नसलेल्यांना हा मार्ग बंद केला. १९८६ मधील सुमारे ९९ हजार अर्ज १९८७ मध्ये सुमारे ५७ हजारांवर आले. आश्रयार्थींना रोखण्याचे काम परराष्ट्राच्या विमानतळावर सोपवण्याची ही रीत पुढे युरोपात रूढ झाली.

१९९३ ची घटनादुरुस्ती :
साम्यवादी राजवटींचा अस्त आणि युगोस्लाव्हियातील युद्ध यांमुळे १९९२ साली अर्ज ४,३८,१९१ पर्यंत पोहोचले. त्याच वर्षी रोस्टोक येथे आश्रयार्थींच्या निवासस्थानावर जमावाने हल्ले केले. २६ मे १९९३ रोजी संसदेने ५२१ विरुद्ध १३२ मतांनी घटना दुरुस्त केली. 'सुरक्षित तिसऱ्या देशा'तून आलेल्यास यापुढे घटनादत्त आश्रय मागता येणार नव्हता. जर्मनीचे नऊही शेजारी सुरक्षित ठरवले गेल्याने जमिनीवरून येणाऱ्या प्रत्येकाचा हा हक्क संपला. जिनेव्हा करारान्वये मिळणारे संरक्षण तेवढे उरले. घटनात्मक न्यायालयाने १४ मे १९९६ रोजी ही दुरुस्ती वैध ठरवली.

१९९४ साली अर्ज सुमारे १ लाख २७ हजारांवर आले. परंतु शेजारच्या नेदरलँड्समध्ये ते १९९३ मधील सुमारे ३५ हजारांवरून १९९४ मध्ये ५२ हजारांच्या पुढे गेले. म्हणजे ओघाचा काही भाग तरी अन्यत्र वळला, असे मानण्यास जागा आहे. याहून महत्त्वाचा परिणाम निराळाच होता. आश्रयार्थी कोणत्या देशातून आला हे सिद्ध झाले तरच त्याला तेथे परत धाडणे शक्य होते. परिणामी प्रवासाचा मार्ग लपवणे, कागदपत्रे नष्ट करणे आणि दलालाचा आधार घेणे हे खऱ्या निर्वासिताच्याही हिताचे ठरले. कलम ३१ ला अपेक्षित असलेला प्रामाणिकपणा नव्या कायद्याने त्याच्यासाठी धोक्याचा केला. आणि लपवाछपवी उघड झाली की तीच त्याच्या कथनावरील अविश्वासाचे कारण होई.

निष्कर्ष :
अनियमित स्थलांतरामुळे आश्रयव्यवस्थेवर ताण येतो, हे १९९२ च्या आकड्यांवरून नाकारता येत नाही. तथापि जर्मनीचा अनुभव या संबंधाची दुसरी बाजूही दाखवतो. अनियमितता हा स्थलांतरिताच्या स्वभावाचा गुण नसून ती बऱ्याच अंशी प्रवेशाच्या नियमांतून घडते. रोजगाराचे दार बंद होताच आश्रयाच्या दारावर भार पडला आणि तेही अरुंद होताच छुप्या वाटांचे मोल वाढले. आश्रयाचा हक्क कागदावर अबाधित ठेवून तेथवर पोहोचण्याची वाट बंद केल्यास हक्काचा लाभ गरजेवर नव्हे, तर प्रवासाच्या ऐपतीवर अवलंबून राहतो. १९४९ च्या घटनाकारांना हे खचितच अभिप्रेत नव्हते.