बॅटलटेक

बॅटलटेक : एकतिसाव्या शतकातील काल्पनिक मानवी जगात, आत माणूस बसून चालवतो अशा अवाढव्य पोलादी यंत्रयोद्ध्यांच्या लढाया पटावर खेळवणारा अमेरिकी युद्धखेळ, तसेच या खेळाभोवती कादंबऱ्या, संगणक-खेळ, नकाशे आणि काल्पनिक इतिहासग्रंथ यांतून उभे राहिलेले विज्ञानकथेचे विश्व. शिकागोच्या फासा कॉर्पोरेशनने १९८४ मध्ये हा खेळ प्रथम बाजारात आणला. पुढे प्रकाशक बदलले, मूळ कंपनीने काम थांबवले, काही चित्रांवर न्यायालयात वाद झाले. तरीही खेळ चालू राहिला. येथील यंत्र प्रचंड असले तरी अजिंक्य नाही. ते तापते, मोडते, त्याचा दारूगोळा संपतो आणि त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. चाहत्यांच्या दीर्घ निष्ठेचे मूळ या मर्यादांतच आहे.

उगम : जॉर्डन वाइसमन आणि एल. रॉस बॅबकॉक यांनी १९८० मध्ये फासाची स्थापना केली. त्या सुमारास जपानमध्ये माणसाने चालवायच्या महायंत्रांच्या ॲनिमेशन मालिकांना बहर आला होता. १९७९ च्या ‘मोबाइल सूट गंडम’ने अशा यंत्रांना दैवी शक्तीचे रूप न देता रणगाड्याप्रमाणे लष्करी साधन म्हणून दाखवले आणि तो प्रवाह पुढे जोमाने वाढला. फासाच्या खेळाने हीच दृष्टी स्वीकारली. पहिल्या आवृत्तीचे नाव ‘बॅटलड्रॉइड्स’ होते. ‘ड्रॉइड’ या शब्दावर ‘स्टार वॉर्स’ची निर्माती लुकासफिल्म हक्क सांगत असल्याने १९८५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ‘बॅटलटेक’ हे नाव रूढ झाले.

विश्वाची मांडणी : मानवजात सुमारे दोन हजार ग्रहांवर वसली आहे. पृथ्वीभोवतीच्या या प्रदेशाला ‘इनर स्फिअर’ म्हणतात. अवकाशनौका एका झेपेत जास्तीत जास्त ३० प्रकाशवर्षे जाते आणि पुढच्या झेपेपूर्वी तिला पुन्हा ऊर्जा साठवावी लागते. त्यामुळे राज्ये दूरवर पसरली, पण एकमेकांशी सैल बांधलेली राहिली. २५७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्टार लीग’ने या जगाला सुवर्णकाळ दिला. २७६६ मध्ये स्टेफन अमारिसने सत्ता बळकावली. त्याचा पाडाव केल्यानंतर सेनापती अलेक्सांद्र केरेन्स्की २७८४ मध्ये बहुसंख्य सैन्य घेऊन ज्ञात अवकाशाबाहेर निघून गेला. मागे राहिलेली डेव्हियन, कुरिता, लियाओ, मॅरिक आणि स्टायनर ही पाच राजघराणी सिंहासनासाठी शतकानुशतके लढत राहिली. या ‘वारसायुद्धां’त कारखाने, विद्यापीठे आणि संशोधनशाळा बेचिराख झाल्या. परिणामी ३०२५ च्या सुमारास माणसे जी यंत्रे वापरतात त्यांतील पुष्कळशी नव्याने बनवण्याची विद्याच त्यांच्याकडे उरलेली नाही. ग्रहांदरम्यानचे संदेशवहन ‘कॉमस्टार’ या संस्थेच्या हाती आहे आणि ती तंत्रज्ञान धर्मविधीसारखे जपते.

राज्यव्यवस्था सरंजामी आहे. ग्रह जहागिरीत मिळतो, सरदार राजाला सैन्य पुरवतो आणि त्या ग्रहावर राबणाऱ्याला मालकी ठरवण्यात काहीच वाव नसतो. गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या मये गावच्या वाचकाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. पोर्तुगीज राजवटीत गावची जमीन एका उमराव घराण्याकडे होती. १९६१ मध्ये ती राजवट संपल्यावर मालक पोर्तुगालमध्ये असल्याने ती स्थलांतरित मालमत्ता ठरून सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती कसणाऱ्यांच्या मालकीचा प्रश्न सोडवण्यासाठी २०१४ मध्ये कायदा करावा लागला. दूरच्या दरबारात झालेल्या एका दानाचे ओझे गाव किती काळ वाहतो, हे मयेला अनुभवाने ठाऊक आहे. बॅटलटेकच्या कथांत हेच ओझे ग्रहांच्या वाट्याला येते.

यंत्रे : ‘बॅटलमेक’ किंवा थोडक्यात ‘मेक’ हे २० ते १०० टन वजनाचे, बहुधा दोन पायांवर चालणारे युद्धयंत्र. ३५ टनांपर्यंतचे हलके, ४० ते ५५ टनांचे मध्यम, ६० ते ७५ टनांचे जड आणि ८० टनांपासून पुढचे हल्लेखोर, असे चार वर्ग आहेत. २० टनांचा ‘लोकस्ट’ टेहळणी करतो. १०० टनांचा, कवटीसारख्या शिराचा ‘ॲटलस’ फळी फोडतो. कथेनुसार शेती, बांधकाम, खाणकाम आणि लाकूडतोड यांसाठी बनवलेल्या चालत्या यंत्रांतून हे युद्धयंत्र विकसित झाले. ‘मॅकी’ या पहिल्या मेकची चाचणी २४३९ मध्ये झाली. चालकाला ‘मेकवॉरियर’ म्हणतात. पुष्कळ मेक घराण्याच्या मालकीचे असून आजोबांकडून नातवाकडे येतात. ज्याचा मेक गेला, त्याची उपजीविका आणि समाजातले स्थान दोन्ही जातात.

खेळाची रीत : पट षट्कोनी घरांचा असतो. एक घर ३० मीटरांचे आणि एक फेरी १० सेकंदांची मानली जाते. फेरीच्या आरंभी दोन्ही बाजू फासे टाकतात. हरणाऱ्याला आधी हलावे लागते, म्हणजे जिंकणारा प्रतिस्पर्ध्याची चाल पाहून आपली चाल ठरवतो. त्यानंतर गोळीबार, मग लाथा-ठोसे आणि शेवटी उष्णतेचा हिशेब.

७० टनांच्या ‘वॉरहॅमर’ची एक फेरी पाहिली तर या खेळाची गोडी लक्षात येते. त्याचा चालक सर्वसाधारण कसबाचा, म्हणजे नेमबाजी ४. तो धावत आला आहे, म्हणून अधिक २. शत्रू पाच घरे सरकला आहे, आणखी २. तो विरळ झाडीत उभा आहे, आणखी १. अंतर पाच घरांचे असल्याने दोन्ही हातांतल्या कणतोफांसाठी ते जवळचेच. बेरीज ९ झाली. दोन फाशांवर ९ किंवा अधिक पडले तर नेम लागतो, आणि ३६ पैकी १० वेळा तसे होते. मध्यम लेझर आणि लघुपल्ल्याची क्षेपणास्त्रे यांच्यासाठी हेच अंतर मध्यम पल्ल्याचे, म्हणून त्यांना ११ हवेत. मोह होतो तो सगळेच डागण्याचा. पण दोन कणतोफांची उष्णता २०, दोन लेझरांची ६, क्षेपणास्त्रांची ४ आणि धावण्याची २ : एकूण ३२. यंत्रातले १८ उष्णताशोषक तेवढेच १८ अंश काढून टाकतात. उरले १४. पुढच्या फेरीत यंत्र दोन घरे कमी चालेल, नेम दोनने अवघड होईल, आणि फाशांवर ४ पेक्षा कमी पडले तर ते भर रणात बंद पडेल. उष्णता ३० वर गेली की बंद पडणे अटळ.

प्रत्येक मेकचे नोंदपत्रक असते. त्यावर डोके, धड, हात, पाय यांच्या चिलखताची लहान वर्तुळे छापलेली असतात. तोफ लागली की पुन्हा दोन फासे टाकून मारा कुठे बसला ते ठरते : ७ पडले तर धडाचा मध्यभाग, १२ पडले तर डोके. तितकी वर्तुळे पेन्सिलीने खोडायची. चिलखत संपले की आतला सांगाडा उघडा पडतो. मग शस्त्रे, इंजिन, तोल सांभाळणारे भ्रमणदर्शी एकेक करून निकामी होऊ लागतात. डावाच्या अखेरीस त्या कागदावर लढाईचा सारा वृत्तान्त उमटलेला असतो. मोठ्या मोहिमेत तोच मेक, अर्धवट दुरुस्त होऊन, पुढच्या लढाईला उभा राहतो. चाहते आपल्या मेकविषयी जिव्हाळ्याने बोलतात ते याचमुळे.

चित्रांचा वाद : आरंभीच्या अनेक मेकची रूपे ‘मॅक्रॉस’, ‘डगरम’ आणि ‘क्रशर जो’ या जपानी कलाकृतींमधून परवान्याने घेतली होती. त्या परवान्याच्या वैधतेवर हार्मनी गोल्ड या अमेरिकी कंपनीने आक्षेप घेतला. १९९६ मध्ये तडजोड झाली आणि ती चित्रे वापरणे फासाने थांबवले. वॉरहॅमर त्यांपैकीच एक. नियम आणि कथा कायम राहिल्या, पण रूपे पुस्तकांतून गेली. चाहते त्यांना ‘अनसीन’ म्हणू लागले. पुढे या यंत्रांची नवी, स्वतंत्र रेखाटने तयार झाली. २०१८ मध्ये न्यायालयीन वाद मिटल्यावर ती निर्धास्तपणे वापरात आली.

साहित्य व संगणक-खेळ : विल्यम एच. कीथ यांच्या १९८६ च्या ‘डिसिजन ॲट थंडर रिफ्ट’पासून कादंबऱ्यांची दीर्घ मालिका सुरू झाली. मायकेल स्टॅकपोल यांनी राजघराण्यांचे राजकारण आणि केरेन्स्कीबरोबर गेलेल्या सैन्याच्या वंशजांचे, म्हणजे ‘क्लॅन’ योद्ध्यांचे आक्रमण लोकप्रिय केले. ३०५० च्या या आक्रमणाने वाचकांच्या ओळखीचे जग हादरले. ३०५२ मध्ये तुकायिद ग्रहावर कॉमस्टारने क्लॅनना रोखले. १९९० मध्ये शिकागोत चालककक्षात बसून एकमेकांशी लढण्याचे ‘बॅटलटेक सेंटर’ उघडले. संगणकावर ‘मेकवॉरियर’ १९८९ मध्ये, तर त्याचा गाजलेला दुसरा भाग १९९५ मध्ये आला. वाइसमन यांच्याच हेअरब्रेन्ड स्कीम्सने २०१८ मध्ये ‘बॅटलटेक’ हा डावपेचांचा खेळ काढला. त्यात भाडोत्री तुकडीचा नायक दर महिन्याला पगार, दुरुस्ती आणि कर्जाचे हप्ते यांचा मेळ घालतो.

चाहते : फासाने २००१ मध्ये प्रकाशन थांबवले. हक्क विझकिड्सकडे व पुढे टॉप्सकडे गेले; २००७ पासून कॅटलिस्ट गेम लॅब्स परवान्याने खेळ प्रकाशित करते. या साऱ्या स्थित्यंतरांत खेळ टिकवून धरला तो चाहत्यांनी. स्वयंसेवकांनी घडवलेली ‘मेगामेक’ ही मुक्त आणि विनामूल्य आज्ञावली पूर्ण नियमांसह संगणकावर डाव मांडते. ‘सारना’ या चाहत्यांच्या कोशात यंत्रे, ग्रह आणि घराणी यांच्या नोंदी काळजीपूर्वक राखल्या आहेत. प्रतिकृतींवर तुकडीचे रंग चढवणे, स्वतःची पलटण रचून तिचा इतिहास लिहिणे, हा छंदाचा तितकाच मोठा भाग. २०१९ मध्ये नव्या प्रतिकृतींसाठी लोकवर्गणीतून २५ लाख डॉलरांहून अधिक, तर २०२३ मध्ये ७५ लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली.

डिचोलीच्या नजरेतून : खाणपट्ट्यात यंत्र हा घरातला कर्ता असू शकतो. डिचोली-साखळी भागात अनेक कुटुंबांनी कर्ज काढून खनिजवाहू ट्रक घेतले. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा ट्रक दारात उभे राहिले आणि सरकारला ट्रकमालकांसाठी मदतीच्या योजना आणाव्या लागल्या. यंत्र चालते तोवर चूल पेटते, टायर आणि इंजिनाचा खर्च कमाईच्या आधी येऊन ठेपतो, आणि मेस्त्रीचा शब्द शेवटचा असतो. बॅटलटेकमधली भाडोत्री तुकडी याच अर्थशास्त्रावर जगते. म्हणून हा परका वाटणारा खेळ या भागातल्या तरुणांना मनापासून आपला वाटू शकतो.

मूल्यमापन : नियम संथ आहेत, चार विरुद्ध चार मेकचा डाव सहज एक संध्याकाळ घेतो. तक्ते पुष्कळ आहेत आणि नवख्याला पहिले दोन-तीन डाव बेरीज-वजाबाकीतच जातात. मात्र या संथपणातून प्रत्येक निर्णयाला वजन येते : शक्ती वापरली की तिची किंमत त्याच फेरीत मोजावी लागते. ऐंशीच्या दशकातले मेकचे नोंदपत्रक आजच्या नियमांनीही जवळपास जसेच्या तसे खेळता येते. खेळांच्या व्यवसायात दर काही वर्षांनी जुने बाद करून नवे विकत घ्यायला लावण्याची रीत आहे. तिथे चाळीस वर्षांपूर्वीच्या कागदाचा मान राखणारा बॅटलटेक खेळणाऱ्याच्या संग्रहाशी, स्मरणाशी आणि श्रमांशी इमान राखतो. या खेळाचे वेड लागलेल्यांना आपल्या मुलांच्या हाती तेच फासे आणि तेच पट देता येतात, आणि अनेक घरांत आज दुसरी पिढी त्यांवर खेळत आहे.