डोह आणि फुगवटा

ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी पैठणास वेद वदविले, त्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे गावी आहे, हे वारकऱ्यांच्या मुलाबाळांसही ठाऊक असते. परंतु आळंदीकडे परतणाऱ्या ज्ञानेश्वरादी भावंडांसमवेत ते जनावर येथवर चालत आले आणि येथेच त्याने देह ठेवला, या परंपरेची एक ऐहिक बाजू फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. पैठण ते आळे ही वाट नद्या ओलांडल्यावाचून संपत नाही. आणि पूल नव्हते त्या काळी भरल्या पाण्यात गुराख्याला पैलतीरास नेणारे खात्रीचे वाहन म्हणजे पोहत्या म्हशीचे शेपूट, हेच होते.

आज संथ पाण्यात कयाक नावाची निमुळती होडी घेऊन जलविहारास निघणारे हौशी लोक या मुलखाकडे वळतात, तेव्हा हे स्मरते. कारण कुकडी, मीना, आर आणि घोड या नद्यांच्या स्वभावातच संथपणा नव्हता. चावंडच्या परिसरात, पूर येथील कुकडेश्वराच्या देवळाजवळ उगम पावणारी कुकडी पावसाळ्याचे चार महिने दुथडी भरून वाही आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत खडकांतून रेंगाळणाऱ्या एका धारेवर येई. अशा नदीवर माणसाचा संबंध दोनच ठिकाणांशी येत असे : एक उतार, आणि दुसरा डोह. उतारावरून वाट जाई. पाणी चढले की दुध्या भोपळ्यांची सांगड किंवा तराफा निघे, आणि जेथे रहदारी मोठी तेथे तर चालवण्याचा मक्ता सरकारातून दिला जाई. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याने तरींसाठी 1868 साली स्वतंत्र कायदाच केला. डोहाची गोष्ट मात्र निराळी. तेथे पाणी निश्चल असे, म्हणूनच तेथे कोणी रमत नसे. साती आसरा या जलदेवतांचे शेंदरी दगड काठावर मांडून लोक दुरूनच हात जोडत. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आपण माणसांविषयी बोलतो. नदीकाठच्या माणसाला ते प्रथम पाण्याविषयीच शिकावे लागले. माणिकडोह या गावाच्या नावात तो डोह अद्याप शिल्लक आहे.

संथ पाण्याचा याहून पुरातन पुरावाही आळ्याच्या शेजारीच आहे. कुकडीकाठच्या बोरी बुद्रुक येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला असून अश्मयुगीन हत्यारेही मिळाली आहेत. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 75,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुनी, याविषयी पंडितांत दीर्घ वाद झाला आहे. परंतु समुद्रापलीकडून वाऱ्यावर आलेली इतकी सूक्ष्म धूळ टिकून राहिली, ती पुराच्या लोंढ्यापासून आडोसा मिळाला म्हणून, एवढे सामान्य बुद्धीलाही उमगते.

कयाकचा जन्म विहारासाठी झालेला नाही. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट शिकाऱ्यांनी लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती उदरनिर्वाहार्थ घडवली. जॉन मॅकग्रेगर या गृहस्थाने 1865 साली तशाच धाटणीची ‘रॉब रॉय’ नावाची लहानशी होडी घेऊन युरोपातील नद्या व सरोवरे पालथी घातली आणि पुढल्याच वर्षी त्या प्रवासाचे पुस्तक छापले. तेव्हापासून हे शिकाऱ्याचे साधन सुखवस्तू प्रवाशाचे झाले. त्याला सरोवरे तयार मिळाली. आपल्याकडे ती बांधावी लागली.

कुकडी प्रकल्पाखाली येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली, आणि चार महिने धावणाऱ्या पाण्याला प्रथमच बारमाही मुक्काम मिळाला. ओझरच्या विघ्नहराच्या देवळामागे आज जे शांत पाणी दिसते, तो येडगावचा फुगवटा होय. वल्हे मारणाऱ्याने येथे जावे ते आश्विन सरल्यावर, जेव्हा धरण तुडुंब असते आणि सांडव्यावरचा विसर्ग थांबलेला असतो; तेही सकाळी, वारा उठण्यापूर्वी. डोंगरांच्या कुशीत शिरलेल्या पाण्याच्या जिभा सर्वांत निवांत. पुढे आवर्तने सुटू लागली की काठ रोज मागे सरतो, आणि अखेरीस उरतो तो पाटबंधारे खात्याच्या दप्तरी ‘मृतसाठा’ म्हणून नोंदलेला भाग, जो पिंपळगाव जोगे येथे बराच मोठा आहे.

डिंभ्याच्या पाण्याखाली तर खुद्द आंबेगाव गेले. तालुक्याला नाव देणारे गाव बुडाले, आणि नाव तेवढे घोडेगावच्या कचेरीत राहिले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आदिवासींनी, ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने, त्याच जलाशयात मासेमारीचा हक्क मिळवला आणि पाणी ओसरेल तसतशी उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर केली. या कार्यास 2012 साली इक्वेटर पारितोषिक लाभले. त्यामुळे मार्गशीर्षातल्या सकाळी ज्या आरशासारख्या पाण्यावरून पाहुण्याची होडी निःशब्द सरकत जाते, तेथे त्या वेळी कोणाची तरी जाळी लावलेली असतात. आणि पाणी उतरले की तेथेच कोणीतरी आपल्या वाट्याचा तुकडा पावलांनी मोजून घेत असतो.