शाळेंतील इतिहास व मूळ कागद

हायस्कुलांतील इतिहासाच्या शिक्षणाचा विचार संशोधकांच्या त्रैमासिकांत कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येण्याचा संभव आहे. शाळेनें तयार इतिहास सांगावा व संशोधकानें तो सिद्ध करावा, अशी कामाची वांटणी आपण मनाशीं धरून चाललों आहों. ही वांटणी महाराष्ट्राच्या पूर्वानुभवास धरून नाहीं. आणि ती तशीच चालूं दिली तर अखेर नुकसान आपल्या दप्तरांचेंच होणार आहे, एवढें या लेखांत दाखवावयाचें आहे.

जेम्स ग्रांट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं लंडनास तीन खंडांत निघाला. कॅप्टन डेव्हिड केपन यानें केलेलें त्याचें मराठी भाषांतर १८३० च्या सुमारास मुंबईस छापलें गेलें. इंग्रजी अमदानींतील शाळांतून शिकलेल्या पहिल्या पिढ्यांस आपल्या पूर्वजांची हकीकत मुख्यतः या बखरीवरून कळली. पुढें १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं पुण्यास कॉलेजांत शिकत असतांच या बखरीवर टीका लिहिली. डफच्या विधानांस मूळ मराठी कागदांची कसोटी लाविली पाहिजे, हा त्या टीकेचा रोख होता. म्हणजे आपल्या संशोधनाच्या आरंभीं एका विद्यार्थ्याची शंका आहे, हें विसरतां येत नाहीं.

ही कसोटी लावण्यास पुढें जे सरसावले, त्यांत शाळाशिक्षकांचा भरणा मोठा होता. १८७८ सालीं 'काव्येतिहाससंग्रह' सुरू करणारे काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक हे दोघेही शिक्षकी पेशाचे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकवीत. तें करीत असतांच त्यांनीं पटवर्धनांचीं दप्तरें वाचून काढलीं व १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापावयास घेतला. राजवाडे यांनींही कांहीं काळ पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलांत शिकविलें होतें; त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं बाहेर पडला. गोविंद सखाराम सरदेसाई हे बडोद्यास राजपुत्रांस शिकवीत. त्यांची 'मुसलमानी रियासत' त्याच १८९८ सालची. वर्गांत शिकविणारा व रुमाल सोडणारा हे त्या काळीं पुष्कळदां एकच गृहस्थ असत.

हा संबंध पुढें तुटला. त्यास कारणें अनेक. परंतु मुख्य कारण मोडी लिपि होय. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी नाहींशी झाली, आणि शिक्षक व कागद यांच्यामध्यें भिंत उभी राहिली. महाराष्ट्रांत २०१८ सालीं दहावीसाठीं काढलेल्या 'इतिहास व राज्यशास्त्र' या पुस्तकांत इतिहासलेखनाच्या परंपरा व ऐतिहासिक ठेव्यांचें जतन यांवर स्वतंत्र पाठ घातले गेले, ही आम्ही आनंदाची गोष्ट मानतों. परंतु कागदांविषयीं वाचणें निराळें आणि कागद वाचणें निराळें. पोहण्याचें वर्णन पाठ करून कोणी पाण्यांत तरत नाहीं.

एकच कागद वर्गांत नेला असतां काय घडतें, तें पाहूं. पत्राचे माथीं 'खमस तिसैन मया व अलफ' असा सन आहे असें समजा. खमस म्हणजे पांच, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार. मिळून शुहूर सन ११९५. हा सन मृगापासून सुरू होतो. म्हणून वर्षाच्या पूर्वभागांत ५९९ व उत्तरभागांत ६०० मिळवावे. तेणेंकरून जून १७९४ ते मे १७९५ हें वर्ष निघतें. खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ ची, ती यांतच बसते. पुस्तकांत पाठ केलेला सन मुलानें स्वतः बेरीज करून काढला, म्हणजे तो त्याच्या मालकीचा होतो.

दुसरा कागद महजराचा घ्यावा. वतनाचा तंटा पडला म्हणजे गोत जमे, साक्षी होत, निर्णय लिहिला जाई व हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. न्याय कोणी केला, यादींत कोणाचें नांव वर आहे, कोणाचें खालीं, आणि कोणाचें मुळींच नाहीं, एवढे प्रश्न विचारले कीं राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व समाजशास्त्र हीं निरनिराळ्या तासांस शिकविलीं जाणारीं शास्त्रें एका पानावर एकत्र येतात.

यावर आक्षेप येतील. कागद जीर्ण आहेत. तर मूळ कागद न देतां छायाचित्र द्यावें व शेजारीं बाळबोध वाचन लिहावें. कांहीं महजर बनावट असतात. तर तसाच एखादा मुद्दाम द्यावा व तो बनावट कसा ठरला तें दाखवावें, कारण लिहिलेलें सर्व खरें नसतें हा धडा या वयांतच मिळणें अगत्याचें आहे. घराण्याची जुनी भानगड उघडी पडेल, ही भीति मात्र आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. ज्या कागदानें आजच्या कोणास दुखापत होईल, तो वगळावा. उरतात तेही पुष्कळ आहेत.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच आहे कीं, प्रत्येकानें आपल्या संग्रहांतील एका सुवाच्य कागदाची नक्कल जवळच्या हायस्कुलास द्यावी, आणि वर्षांतून एक तास स्वतः जाऊन ती वाचून दाखवावी. माळ्यावरचे रुमाल रद्दीच्या भावानें जातात, याचें कारण दारिद्र्य क्वचितच असतें. तो कागद काय आहे हें घरांतील कोणास कळत नाहीं, हें बहुधा असतें. त्या वर्गांतील चाळीस मुलांपैकीं एकाच्या घरीं जरी असा रुमाल असला आणि त्यानें तो विकूं दिला नाहीं, तरी तो तास सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.