शिडाच्या होडीच्या दारफळ्या कशाच्या कराव्यात?

छोट्या शिडाच्या होडीत केबिनच्या दाराला बहुधा खाचेत वरून सरकवायच्या दोन-तीन फळ्या असतात. लाटेचे पाणी त्याच अडवतात. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीतील वादळात काही होड्यांच्या फळ्या निसटल्या आणि केबिनमध्ये पाणी शिरले.

फळी कुजली, तर पर्याय असे:

- सागवान : टिकाऊ, पण महाग.
- मरीन प्लायवूड : मजबूत, तुलनेने स्वस्त. कडा इपॉक्सीने बंद केल्या नाहीत, तर पाणी मुरते.
- ॲक्रिलिक : उजेड येतो, पण स्क्रूच्या भोकापाशी तडकू शकते.
- पॉलिकार्बोनेट : सहसा फुटत नाही, पण लवकर ओरखडे पडतात.

जाडी खाचेत बसेल तेवढीच घ्या. मापासाठी जुनी फळी ठेवा. फळी कशाचीही असो, ती दोरीने होडीला बांधलेली हवी आणि तिची कडी आतून-बाहेरून उघडता यायला हवी.